चिऱ्याची भिंत आणि आठ फुटी डिश

मंडळी, दोन-दोन फुटी छोट्या डिशा घरोघर असताना आठ फुटी धूड कोण बसवतो, असं इथे येताना एका तरुणाने मला विचारलं. मी म्हटलं, जुलै महिन्यात माझ्या घरी ये. बाहेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागतो तेव्हा केयू बँडच्या, म्हणजे आखूड लहरींवर चालणाऱ्या छोट्या डिशवर चित्राचे चौकोन होतात आणि मग 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. मोठ्या डिशच्या सी बँडच्या लहरी सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या. पावसाच्या थेंबांना त्या फारशा जुमानत नाहीत. आपल्या गोव्यासारख्या पावसाळी मुलखात मोठी डिश हौसेची वस्तू असली तरी त्या हौसेला कारण आहे. १९७५-७६ साली 'साइट' या उपग्रह दूरचित्रवाणीच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांमध्ये कार्यक्रम पोचला, तोही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या १० फुटी डिशांवर. म्हणजे मोठी डिश आपल्याला नवी नाही.

पण आज मला सिग्नलवर बोलायचं नाही, खांबावर बोलायचं आहे. लोक मला विचारतात, "एवढं वजन भिंत पेलेल का?" प्रश्नच उलटा आहे. जाळीची आठ फुटी डिश दोन माणसं हातांनी उचलतात. वजन तिला खाली दाबूनच धरतं. डिश पाडतो तो वारा.

हिशोब करून बघू. इमारतींच्या वाऱ्याच्या भारतीय मानकात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. आठ फुटी डिशचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरहून थोडं जास्त. समोरून वारा बसला तर सव्वाचारशे किलोंच्या वर आडवा धक्का. आता ही डिश सहा फूट उंच खांबावर आहे आणि खाली एकमेकांपासून नऊ इंचांवर चार बोल्ट आहेत असं धरा. खांब म्हणजे पहारच झाली की! आठपट तरफ. एका बाजूच्या दोन बोल्टांनी मिळून साडेतीन टनांच्या आसपास ओढ सोसायची. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर धक्का पाव होतो हे खरं, पण वेग दुप्पट झाला तर चौपट होतो, हेही तितकंच खरं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा हिशोब वारा तोंडावर बसला तरचा. गोव्यातून ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे पाहायचं तर डिश आग्नेयेकडे वळवून सुमारे ६९ अंश वर करावी लागते. म्हणजे ती जवळजवळ पाठीवर झोपलेली असते. तरी गच्चीच्या कठड्यावरून उसळून आलेला वारा खालून शिरतो आणि छत्रीसारखी उलटवतो. जाळीतून वारा निघून जातो, यावर फार विसंबू नका. जोराच्या वाऱ्यात जाळीही बरीचशी पत्र्यासारखीच वागते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आखाती युद्धानंतर डिशची लाट आली तेव्हा मांद्र्याच्या घरी मी पहिली डिश बसवली ती गच्चीच्या कठड्यावर. अर्ध्या विटेचा कठडा, वर गिलावा, चार फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारे बोल्ट. छान दिसत होती. मिरगाच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मोठा आवाज झाला. सकाळी शेजारच्या वहिनी अंगणात येऊन म्हणाल्या, "भावजी, तुमची थाळी आमच्या माजघरात जेवायला आलीय." मंगळुरी कौलं फुटली होती, वासा वाकला होता आणि कठड्याचा दीड हाताचा तुकडा बोल्टांसकट डिशलाच लटकत होता. बोल्ट एकही निघाला नव्हता, बघा! भिंतच निघाली. तेव्हापासून कठड्यावर डिश म्हटली की मी चहासुद्धा घेत नाही.

आता चिरा, म्हणजे आपला जांभा दगड. आपली जुनी घरं चिऱ्याची. गिलावा केला की भिंत सिमेंटची वाटते. पण ड्रिल लावा, पहिल्या इंचाला पांढरी पूड येते आणि मग एकदम लाल पीठ सांडायला लागतं. काही ठिकाणी ड्रिल फसकन आत जातं, कारण चिऱ्याला पोकळ्या असतात. फास्टनर फुगतो तो आजूबाजूच्या दगडाला दाबून. इथे दगडच चुरा होतो. पाना फिरवत राहा, बोल्ट कधी घट्ट होतच नाही. चिऱ्याच्या भिंतीवर लहान डिशचा ब्रॅकेट लावायचाच झाला तर आटे पाडलेली सळी भिंतीतून आरपार काढा आणि आतल्या बाजूला वीतभर लोखंडी पट्टी देऊन नट आवळा. घरातली मंडळी कुरकुरतील, तिथे कॅलेंडर लावा. आठ फुटी मात्र भिंतीवर नकोच.

तिची जागा अंगणात, नाहीतर काँक्रीटच्या खांबाच्या डोक्यावर. अंगणातला खड्डा साडेतीन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. काँक्रीटचं वजन २९०० किलोंच्या आसपास भरतं. गवंडी म्हणेल, "इतका कशाला, दोन फूट पुरे." ऐकू नका. सहा फुटी डिशला ३ इंची जाड जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप चालतो, आठ फुटीला ४ इंची घ्या, कारण खांब तेवढाच उंच असेल तर ३ इंची पूर्ण वाऱ्यात वाकेल. पाईपच्या गाडायच्या टोकाला आडव्या सळ्या वेल्ड करा, नाहीतर काँक्रीट जागच्या जागी राहतं आणि पाईप त्यात फिरतो. ओळंबा दोन बाजूंनी लावा. हे मी फार ताणून सांगतो, कारण आठ फुटी डिश एका अंशाने हलली की निम्मा सिग्नल जातो. खांब तिरका असेल तर पुढे प्रत्येक जुळवणीत तो तुमच्याशी भांडतो. ओतल्यावर सात दिवस पाणी मारा आणि डिश चढवायची घाई करू नका. महिनाभर थांबलात तर उत्तम. म्हणजे काम मार्च-एप्रिलचं. खड्डा खणायच्या आधी आग्नेयेला उभा असलेला माड बघून घ्या. आज आड येत नसेल, पण तो वाढतोय. आणि त्याची झावळी डिशमध्ये पडली तर फीड, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल गोळा करणारा भाग, वाकतो.

गच्चीवरच हवी असेल तर खांब खालच्या कॉलमच्या बरोबर वर आणा. स्लॅबला भोकं पाडाल तर गळती घरात घ्याल. भोकं न पाडता लोखंडी चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवायची पद्धत आहे, पण ते ठोकळे बीमवर यायला हवेत आणि चौकट रुंद हवी.

किनाऱ्यालगत बोल्टांचं काय करायचं? साधं प्लेटिंग दोन पावसाळ्यांत तांबूस होतं. हॉट-डिप गॅल्व्हनाइझ, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले घ्या, किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस. ३०४ खाऱ्या वाऱ्यात डाग धरतं. ॲल्युमिनियमच्या डिशला स्टीलचा बोल्ट थेट लावू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर द्या, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वीज पडते म्हणून खांबाला अर्थिंग करा आणि ते घराच्या अर्थिंगला जोडा. दोन वेगळी अर्थिंगं ठेवू नका.

आता पत्र्याच्या डिशविषयी. ६९ अंशांवर तिच्या पोटात पाणी साचतं, बशीसारखं. त्या पाण्याचं वजन एका बाजूला आणि हलणारं. सगळ्यात खोलगट जागी बोटाएवढं भोक पाडा, ते चित्राला काही करत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मी आदल्या दिवशी डिश पूर्ण आभाळाकडे तोंड करून बोल्ट आवळले, तीन बाजूंनी ताण दिले. वीज गेली ती कितीतरी वेळ आलीच नाही, तेव्हा चित्र दिसायचा प्रश्नच नव्हता. डिश होती तिथेच होती. फक्त भोकात माडाचं बोंड अडकून ती काठोकाठ भरली होती आणि वहिनींची नातवंडं तिच्यात होड्या सोडत होती.