९० सेकंदांची क्लिप, ४० मिनिटांचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

शिवाजी विद्यापीठाचा वर्ग असो नाहीतर राजारामपुरीतला खासगी क्लास, कोल्हापुरात जर्मन किंवा जपानी शिकवणाऱ्यांची अडचण एकच. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की ती भाषा कानावर पडतच नाही. व्हिडिओ आणि फोटो ही उणीव बरीच भरून काढतात. पण नुसता व्हिडिओ लावून दिला, तर मुलं बघतात, हसतात आणि एक वाक्य बोलत नाहीत. बघता बघता बोलावं लागेल असं काम त्यांना द्यावं लागतं.

नवशिक्या वर्गाला ६० ते ९० सेकंदांची क्लिप पुरे. तेवढ्यात दोनशेच्या आसपास शब्द येऊन जातात. त्यात आठ-दहापेक्षा जास्त नवे असतील तर दुसरी क्लिप शोधा. अख्खा सिनेमा लावणं म्हणजे शिक्षकानं घेतलेली हक्काची रजा!

समजा, बेकरीतल्या खरेदीचा प्रसंग आहे. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवा. कोण आहेत, काय मागत असतील, हे मुलांनी त्या भाषेत सांगायचं; मोडकंतोडकं चालेल. दुसऱ्यांदा आवाज सुरू करा, पण प्रश्न आधीच फळ्यावर लिहा आणि एकच लिहा: एकूण पैसे किती झाले? प्रश्न नंतर विचारलात तर ती ऐकण्याची नव्हे, स्मरणशक्तीची परीक्षा होते. तिसऱ्यांदा त्याच भाषेतली सबटायटल्स लावा. मराठी किंवा इंग्रजी सबटायटल्स लावली की डोळे वाचत बसतात आणि कान मिटतात. आपोआप तयार होणारी सबटायटल्स मात्र घरी तपासून घ्या. नावं आणि आकडे तिथं हमखास चुकतात. शेवटी पुन्हा आवाज बंद. दोघादोघांनी पुढं यायचं आणि पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी आपले संवाद घालायचे. ४० मिनिटांतली निदान १५ यासाठी राखून ठेवा. वेग कमी करायचाच तर पाऊणपट ठेवा. निम्मा केला की शब्द ताणले जातात आणि मुलं तेच उच्चार उचलतात.

आता फोटो. व्याकरण शिकवायला फोटो आणि व्हिडिओची जोडी फार कामाची. जर्मनचंच घ्या. पुस्तक टेबलावर आहे आणि पुस्तक टेबलावर ठेवलं, मराठीत दोन्हीकडे ‘टेबलावर’च. जर्मनमध्ये मात्र विभक्ती बदलते, म्हणून आपली मुलं इथं अडतात. टेबलावरच्या पुस्तकाचा फोटो दाखवा: आउफ डेम टिश. मग मोबाइलवर पाच सेकंदांचा व्हिडिओ काढा. हात येतो, पुस्तक ठेवतो: आउफ डेन टिश. एवढ्यावर थांबलात तर ‘काही हललं की डेन’ असा भलताच नियम मुलांच्या डोक्यात बसेल. म्हणून तिसरा व्हिडिओ रंकाळ्याच्या बागेत पळणाऱ्या मुलाचा दाखवा. तो पळतोय, पण बागेतल्या बागेतच. तिथं ‘इम पार्क’, म्हणजे ‘डेम’वालीच विभक्ती. जागा बदलून वस्तू कुठं पोचली, यावर सगळं ठरतं.

नवा शब्द एकाच फोटोवरून शिकवू नका. पळणाऱ्या मुलाचा फोटो बघून कुणाला ‘मुलगा’ कळेल, कुणाला ‘पळणं’, कुणाला ‘सकाळ’. पळणारी आजी, पळणारा कुत्रा, पळणारा पैलवान असे तीन फोटो लागोपाठ दाखवा, शंकाच उरत नाही.

बोलायला लावायचं तर जोडीत दोन फोटो द्या: लक्ष्मीपुरीतलं एकच भाजीचं दुकान, थोड्या वेळानं पुन्हा टिपलेलं, पाच-सहा फरक असलेलं. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि प्रश्न विचारून फरक शोधायचे. फोटो समोरच्याला दाखवला की खेळ संपला. प्रिंट पोस्टकार्डाएवढी चालते. वर्गासमोर धरलेला ए-फोर कागद मात्र तिसऱ्या बाकाच्या मागं दिसत नाही.

परीक्षेलाही हे उपयोगी पडतं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-१, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत चित्राचं कार्ड बघून विनंती करावी लागते. जपानीच्या एन-५, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीच्या परीक्षेत चित्रात बाण दाखवलेला माणूस काय म्हणेल, ते ऐकून निवडायचं असतं.

उरली यंत्रांची कटकट. क्लिप आदल्या दिवशीच उघडून बघा, इंटरनेटच्या भरवशावर वर्गात जाऊ नका. एचडीएमआय केबल जोडली की पुष्कळदा आवाज लॅपटॉप सोडून प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडं जातो. केबल बिघडली असं समजून धावपळ होते. खरं तर सेटिंगमध्ये आवाजाची वाट बदलली की काम होतं. वेगळा स्पीकर असेल तर तो वर्गाच्या मध्यावर ठेवा आणि ऐकताना पंखे बंद करा. जुलैत पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत असेल, तर ऐकण्याचा तास पुढं ढकला आणि त्या दिवशी फोटोंवर बोलून घ्या.