ऐंशीव्या वर्षी पुन्हा 'डार्क साइड'

श्रोतेहो, नमस्कार.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो कॅसेट घासून जाईपर्यंत ऐकला असेल. २००७ मध्ये या बँडचे एकेकाळचे गीतकार-गायक रॉजर वॉटर्स यांनी मुंबईत तो अख्खा सादर केला, तेव्हा त्या गर्दीतही काही जण असतील. याच वॉटर्सनी ऐंशी वर्षं पूर्ण झाल्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यातली दहाच्या दहा गाणी नव्याने आणली. नाव दिलं 'रिडक्स'. आणि कितीतरी चाहते मनापासून दुखावले.

त्यांना हट्टी म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

नव्या अल्बममध्ये लय संथ झाली आहे. गिटारचे सोलो काढून टाकले आहेत. मधल्या मोकळ्या जागांत वॉटर्स खर्जातल्या आवाजात बोलत राहतात. 'टाइम' या गाण्यातला, बँडच्या डेव्हिड गिलमोरचा गिटार सोलो ज्याला स्वरन् स्वर पाठ आहे, त्याचा कान नेमक्या त्या वळणावर वाट बघतो आणि तो सोलो येतच नाही.

'द ग्रेट गिग इन द स्काय' ऐकताना तर मलाही फार लागलं. मूळ गाण्यात बँडच्या रिचर्ड राइटचा पियानो आहे आणि त्यावर गायिका क्लेअर टॉरीने एकाही शब्दाविना घेतलेले ते आर्त आलाप. त्या कामाचे तिला तेव्हा तीस पौंड मिळाले होते. पुढे ती कोर्टात गेली आणि २००५ मधल्या तडजोडीनंतर रचनाकार म्हणून राइटच्या जोडीला तिचं नाव लागलं. 'रिडक्स'मध्ये वॉटर्स या गाण्यावर कवी डॉनल्ड हॉल यांच्याशी जोडलेली, पत्रांतून उलगडत गेलेली आजारपणाची आणि मृत्यूची हकिगत सांगतात. हकिगत काळजाला भिडते. पण जिथे शब्द नव्हते म्हणूनच सगळं पोचत होतं, तिथे आता शब्द भरले आहेत.

"मूळ अल्बम कुठे पळून गेलाय? तो ऐका की!" असं या चाहत्यांना सांगितलं जातं. त्यांची तक्रार ती नाहीच. अल्बम चौघांचा होता. शब्द सगळे वॉटर्सचे, पण त्यांत प्राण आणला तो राइट, गिलमोर आणि ड्रमर निक मेसन यांनीही. वॉटर्स १९८५ मध्ये बँडमधून बाहेर पडले, भांडण कोर्टापर्यंत गेलं, राइट २००८ मध्ये वारले. एवढं सगळं झाल्यावर एकट्याने तो अल्बम करायला घेणं म्हणजे वाटण्या झालेल्या घरातलं देवघर एका भावाने उचलून नेण्यासारखं वाटतं.

तरीही 'रिडक्स'च्या बाजूने मला मनापासून बोलायचं आहे. मूळ अल्बममध्ये वॉटर्सचा मुख्य आवाज फक्त शेवटच्या दोन गाण्यांत आहे. 'टाइम' गायले ते गिलमोर आणि राइट. आयुष्य बघता बघता हातातून कसं निसटतं, हे लिहिताना वॉटर्स तिशीच्याही आत होते. आता तेच शब्द ऐंशीला टेकलेला माणूस घोगऱ्या आवाजात, जवळजवळ पुटपुटत म्हणतो. तरुणपणी ज्याचा नुसता अंदाज बांधला होता, ते भोगून झालं आहे आणि ते आवाजात ऐकू येतं. अल्बमच्या सुरुवातीलाच ते पिंक फ्लॉइडच्या १९७२ मधल्या एका गाण्यातल्या, म्हातारपणीच्या आठवणींवरच्या ओळी म्हणतात. कुठल्या वयातून बोलतोय, हे तिथेच सांगून टाकतात. असं ऐकायला मिळणं मला मोलाचं वाटतं.

तेव्हा ज्यांनी रागाने अजून ऐकलेला नाही, त्यांना एक विनंती. जुना आणि नवा लागोपाठ लावू नका, मध्ये चार दिवस जाऊ द्या. 'मनी'पासून सुरुवात करू नका. त्यातला मूळचा जोर इथे नाही, निराशाच होईल. आधी 'टाइम' ऐका, रात्री, सावकाश. क्लेअर टॉरीसाठी मात्र जुन्याच अल्बमकडे जा. तिला पर्याय नाही.