जॅकवर चढलेलं शहर

नमस्कार मंडळी. आज जायचंय अमेरिकेत, टेक्सासच्या किनाऱ्यावर, गॅल्व्हेस्टनला. हे बॅरियर आयलंड आहे, म्हणजे किनाऱ्याला समांतर पडलेली वाळूची लांबलचक पट्टी, एका अंगाला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या अंगाला खाडी. लांबी २७ मैल, रुंदी फार तर ३. समुद्राचा पहिला मार ही पट्टी खाते, मागची जमीन वाचते. आणि नेमकं त्या मार खायच्या जागेवरच शहर वसलं, कारण बंदर झकास आणि कापसाचा धंदा जोरात!

८ सप्टेंबर १९००. बेटावरची सगळ्यात उंच जागा ९ फुटांच्या आत, आणि वादळात पाणी चढलं १५ फूट. परत सांगतो, जमीन ९, पाणी १५. निदान ६,००० माणसं गेली.

पुढचा किस्सा मला सांगायला भारी आवडतो. समुद्राकडे १७ फुटी भिंत तर बांधली, पण मागे शहर खोलगटच राहिलं, मग यांनी काय करावं? अख्खं शहर उचललं! दोन हजारांवर इमारती, घरं, दुकानं, चर्च, सगळ्यांखाली तुळया सरकवल्या, जॅक लावले आणि इशारा झाला की सगळ्या कामगारांनी एकदम थोडा थोडा पिळा द्यायचा. सेंट पॅट्रिक चर्च ३,००० टनांचं, त्याला ७०० जॅक लागले, ५ फूट वर घेतलं. मग ड्रेजरच्या, म्हणजे पाण्याच्या तळातली वाळू उपसणाऱ्या जहाजाच्या, पाइपातून वाळूचा रेंदा खाली सोडायचा, पाणी निथळतं, वाळू बसते. आणि हे सगळं लोक राहत असताना बरं का! शेजाऱ्याकडे जायचं तर उंच फळ्यांवरून, बाजारात जायचं तर फळ्यांवरून, खाली चिखल, खारट पाण्याने झाडं मेलेली, आणि घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. सात-आठ वर्षं हेच.

आपल्याकडे उलटं, दर पावसाळ्याआधी जुना थर न खरवडता वर नवं डांबर, रस्ता चढतो, घर तिथंच, आणि पहिल्या पावसात पाणी थेट सोफ्याखाली. यावर बोलायला लागलो तर वेळ संपेल, जाऊ दे.

तर १९१५ ला तसंच मोठं वादळ आलं, पण भिंतीमागच्या शहरात मेलेल्यांचा आकडा अगदी थोडका. मात्र भिंतीने शहर वाचवलं आणि समोरचा बीच खाल्ला, आता तिथं वाळू बाहेरून आणून टाकावी लागते. भिंत संपते तिथून पश्चिमेला लोक आजही खांबांवरच घरं बांधतात.