खांद्याची पट्टी आणि रॉकी

नमस्कार श्रोतेहो. तालमीत झटका बसून म्हणा, पोती उचलून म्हणा, नाहीतर साठीत नुसती झिजून म्हणा, खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटते. चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाचा माथा खोबणीत धरून ठेवतात. यालाच डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. फाट ५ सेंटिमीटरच्या वर गेली किंवा दोन कंडरा सुटल्या, की दुखणं मोठं. आणि हो, प्रत्येक दुखऱ्या खांद्याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणायची टूम सोडा. दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नसेल, तर खांदा आखडलाय. दुसऱ्यानं उचलला की जातो, पण स्वतःहून जात नाही, तिथं फाटीचा संशय घ्या.

दुर्बिणीतून हाडात अँकर, म्हणजे धागा धरणारा बारीक खिळा, बसवून टाके घालतात. बऱ्याचदा धागा शाबूत राहतो, पण टाकाच कंडरा कापत बाहेर येतो. म्हणून शिवलेल्या कंडरेवर वरून आधाराची पट्टी घालायची. ही पट्टी आली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे.

साल १९८७. अमेरिकेत इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलॅक संशोधन करत होते. आधी गुरांचे डॉक्टर, मग माणसांचे. त्यांना महाधमनीच्या जागी घालायला नळी हवी होती. कृत्रिम नळीत रक्त गोठायचं. मग त्यांनी रॉकी नावाच्या कुत्र्याच्या महाधमनीचा तुकडा काढला आणि त्याच्याच लहान आतड्याचा तुकडा तिथं शिवला. आतडं ते! रात्रीत फुटणार, सकाळी कुत्रं मेलेलं दिसणार, हाच हिशेब. सकाळी बघतात तर रॉकी शेपूट हलवत उभा! पुढं आठ वर्षं जगला पठ्ठ्या. इतर कुत्र्यांवर हाच प्रयोग केला आणि काही महिन्यांनी उघडून पाहिलं, तर आतडं सापडेना. तिथं रक्तवाहिनीसारखी भिंत तयार झालेली. मग आतड्याचे थर सोलत सोलत एक पातळ पापुद्रा उरला. काम तोच करत होता.

डुकराच्या आतड्याच्या अशा पापुद्र्यांचे थर चिकटवून खांद्याची पट्टी निघाली. आता गंमत बघा. दोन कंडरा फाटलेले ३० खांदे घेतले. १५ जणांना टाके आणि पट्टी, १५ जणांना नुसते टाके. वर्षभरानं एमआरआय केला. नुसत्या टाक्यांचे ९ जुळले, पट्टीवाले फक्त ४! २००६ साली हे छापून आलं, आणि संशोधकांनीच सांगितलं, ही पट्टी अशा फाटींना वापरू नका.

बिघडलं कुठं? खांदा रोज ओढला जातो आणि पापुद्रा मात्र लवकर विरघळतो. नवी कंडरा धरेपर्यंत पट्टी टिकली पाहिजे. दुसरं, पट्टीत डुकराचा डीएनए उरलेला सापडला होता. पेशी नीट धुतल्या नाहीत तर खांदा सुजतो. आज सर्वसाधारण दंडक असा, की एक मिलिग्रॅम कोरड्या पट्टीत ५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त डीएनए नको. पण कडक डिटर्जंटनं फार धुतलं, की पट्टीला बळ देणारं कोलॅजन नावाचं प्रथिनच कमजोर होतं. आपल्या गुळाचंही तेच. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस नावाचं रंग उजळणारं रसायन ओतायचं आणि चव घालवायची.

आता दात्या माणसाच्या त्वचेच्या पट्ट्या आहेत. गाईगुरांच्या कोलॅजनची सुमारे २ मिलिमीटर जाडीची पट्टी आहे, ती साधारण सहा महिन्यांत शरीरात विरून जाते. प्रयोगशाळेत विजेच्या दाबानं पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म तंतू एकाच दिशेनं ओढून जाळी करतात, कारण कंडरेचे तंतूही तसेच असतात. अडतं ते कंडरा हाडाला मिळते तिथं. मूळचे चार थर असतात: कंडरा, मऊ कूर्चा, चुना धरलेली कूर्चा, हाड. ऑपरेशननंतर तिथं नुसता व्रण भरतो, म्हणून तीच जागा पुन्हा सुटते.

पट्टी घातली तरी चार ते सहा आठवडे हात झोळीत, आणि साधारण तीन महिने वजन उचलणं बंद. परत सांगतो, तीन महिने घागरसुद्धा नाही. आणि पट्टी डुकराची, गाईची, माणसाची की कृत्रिम, हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. एकदा शिवली, की ती काढणं म्हणजे दुसरं ऑपरेशन.