कॅमेरा खिशातच आहे, मग कॉलेज कशाला?

मघाशी एका आईंनी विचारलं, "मुलाच्या फोनमध्येच एवढा चांगला कॅमेरा आहे, मग फोटोग्राफी शिकायला कॉलेजात चार वर्षं घालवायची?" प्रश्न रास्त आहे. मी तांब्यापासून सुरुवात करतो.

आमच्या वर्गात पहिल्याच सत्रात स्टीलचा तांब्या ठेवला होता. सोपं वाटलं. फोटो बघितला तर तांब्यात अख्खी खोली दिसत होती: ट्यूबलाइट, खिडकी, ट्रायपॉड आणि मी. चकचकीत धातूचा फोटो म्हणजे खरं तर त्याच्या भोवतालचा फोटो. मग पांढऱ्या कागदाचा तंबू करायचा, बाहेरून प्रकाश टाकायचा आणि कडा उठून दिसावी म्हणून काळ्या पुठ्ठ्याची पट्टी उभी करायची. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नव्हे, पाव होतो, हे सूत्र मला तिथे कळलं. मग प्रिंट भिंतीवर लागायच्या आणि वीस जण त्यांतल्या चुका दाखवायचे. फोन हे करत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. बारावीनंतर एएसी सीईटी, म्हणजे कलेच्या पदवीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात उपयोजित कलेला (अप्लाइड आर्ट) जाता येतं. तिथे चार वर्षांच्या पदवीत फोटोग्राफी हा एक विषय असतो. बीएएमएमसी, म्हणजे मल्टिमीडिया आणि जनसंवादाची पदवी, तिथेही थोडी ओळख होते. निव्वळ फोटोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण हवं असेल, तर एनआयडीचं, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं, गांधीनगर केंद्र आहे.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला जे. जे.च्याच विद्यार्थिनी. वर्गमैत्रिणींचे त्यांनी काढलेले फोटो जरूर शोधून बघा. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून आले होते. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. कामावर आपलं नाव असणं किती मोलाचं, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

कामं लग्न आणि जाहिरात एवढ्यावर थांबत नाहीत. सिनेमाच्या सेटवर स्टिल्स काढणारा लागतो. संग्रहालयात प्रत्येक वस्तूचा फोटो मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून काढावा लागतो; हे काम मला फार आवडतं, कारण पन्नास वर्षांनी कुणी संशोधक त्याच फोटोवर विसंबणार असतो. गुन्ह्यांच्या तपासासाठी लागणारी न्यायवैद्यक फोटोग्राफी आहे, काढलेला फोटो संगणकावर सुधारण्याचं म्हणजे रीटचिंगचं काम आहे, फोटो निवडणारा संपादक आहे. पण पालकांनो, पहिली दोन-तीन वर्षं असिस्ट करण्यातच जातात. स्टँड उचलायचे, केबल गुंडाळायच्या, बॅटऱ्या चार्ज करायच्या. पैसे उशिरा येतात. घरच्यांनी तेवढा काळ धीर धरायला हवा.

आणि कागद! 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा. मला हे माहीत नव्हतं. एका कामाचे दीड हजार घेतले आणि वर्षभरानं तोच फोटो दादर स्टेशनबाहेर भल्यामोठ्या फलकावर बघितला. गाडी सोडून तिथेच उभा राहिलो. मागायला हातात काहीच नव्हतं. म्हणून मी शिकवताना प्रकाशाइतकाच वेळ कराराला देतो. एका पानाचा नमुना त्या टेबलावर ठेवलाय, घेऊन जा.

पुढच्या शनिवारी येणाऱ्यांनी घरचा तांब्या खिडकीत ठेवून एक फोटो काढून आणा. फोनवर चालेल. फक्त त्यात तुम्ही दिसता कामा नये.