कुठला पाईप कुणाचा?

माईक राहू दे, ऐकू येतंय की सगळ्यांना. बोर्डावर विषय लई मोठा लिहिलाय, विकसनशील देशातली स्थानिक सरकारं आणि स्वयंसेवी संस्था यांचं सहकार्य, पण आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात बघायचं ते एवढंच की पंचायत आणि संस्था यांचं एकमेकांशी कसं जमतं.

आपल्याकडच्या बऱ्याच गावात बसस्टॉपजवळ एक खोली दिसते, बाहेर कॉईन टाकायची पेटी, वर शुद्ध पाणी लिहिलेलं आणि दाराला कुलूप. पंचायतीच्या अध्यक्षांना विचारा, म्हणतात ते संस्थेनं बसवलंय. संस्थेचा माणूस म्हणतो आम्ही कवाच पंचायतीला हँडओव्हर केलंय. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणतात, मी येण्याआधीचं आहे ओ, फायलीत कागद दिसत नाही. झालेलं काय, तर करंटचं बिल थकलं, पाणी गाळायचं मेम्ब्रेन बदलायची वेळ आली आणि पैसे कुणी भरायचे हे ठरलेलंच नव्हतं. उद्घाटनाला मात्र सगळे होते, फोटोसुद्धा आहे. यात भांडण कुणाचंच नव्हतं बघा, सगळे एकमेकांशी गोडच बोलत होते, तरी मशीन बंद पडलं. नुसत्या गोड बोलण्यानं पाणी येत नाही.

आता कराचीतलं सांगतो. ओरंगी म्हणून झोपडपट्टीची मोठी वस्ती, गल्लीगल्लीत उघडी गटारं, आणि महापालिका म्हणायची पैसे नाहीत. 1980 ला अख्तर हमीद खान तिथं गेले आणि ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. त्यांनी कामाची सरळ वाटणी केली. घरातला संडास, गल्लीतली गटार आणि गल्ल्यांना जोडणारी लाईन, हे लोकांनी स्वतःच्या पैशानं करायचं, आणि पुढची मोठी ट्रंक लाईन आणि ट्रीटमेंट प्लांट सरकारनं करायचं. एका गल्लीत वीस-तीस घरं, त्यातलाच एकजण पुढारी, तोच घरोघर फिरून पैसे गोळा करणार. संस्थेनं गल्लीतल्या पाईपला पैसे दिले नाहीत, उतार किती ठेवायचा ते सांगितलं, नकाशे काढून दिले, अवजारं दिली, काम चुकलं तर दाखवलं. आणि तिथल्या पोरांनी वस्तीतल्या नाल्यांचे जे नकाशे काढले ते पुढं सरकारी कामालाही लागले. मला यातलं आवडतं ते हे की पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला माहीत होतं कुठला पाईप तुंबला की कुणाच्या दारात जायचं.

फिलिपिन्सनं तर कायद्यातच घातलंय. 1991 च्या त्यांच्या लोकल गव्हर्नमेंट कोडमध्ये गावच्या विकास समितीत किमान एक चतुर्थांश मेंबर संस्थांचे पाहिजेत असं आहे, आता मेयर आपल्याच माणसांची संस्था काढून तिथं बसवतो असल्या तक्रारी तिकडंही आहेत म्हणा, आपल्याला काय नवीन नाही. आपल्याकडं पंचायतराजची 73 वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी 29 विषय आले, पण संस्थेची खुर्ची कुठं ते काय सांगितलेलं नाही. जलजीवन, म्हणजे घरोघर नळाच्या योजनेत थोडं आहे, पाणी समितीत निम्म्या बायका पाहिजेत आणि गावाला तयार करायला संस्था नेमायची. पण समितीतल्या किती बायकांना आपण समितीत आहोत हे माहीत आहे, जरा घरी जाऊन विचारा.

2019 चा ऑगस्ट तर सगळ्यांना आठवतोय, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच चढल्या. मदतीचे टेम्पो आले ते हायवेला लागून असलेल्या गावात, तिथं ब्लँकेटवर ब्लँकेट, आणि आत वस्तीवर कुणी फिरकलं नाही. पंचायतीकडं घरांची यादी होती, मागितलीच नाही कुणी. त्याच पुरात शहाणं कामही बघितलं मी. दहा हजाराची तातडीची मदत खात्यावर येत नव्हती, कारण आधारवर बाईचं नाव एक, पासबुकावर इंग्रजीत दुसरं आणि कचेरीत कन्नडमध्ये टाईप करताना तिसरंच झालेलं. तर महिला संघाच्या दोन पोरी तलाठ्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसल्या, एकेक कागद बघून नावं जुळवून दिली. वाटलं काहीच नाही त्यांनी, ना तांदूळ ना चादर, पण सरकारचाच पैसा त्या घरांपर्यंत नेला.

आपल्याच जिल्ह्यातलं मोठं उदाहरण सौंदत्ती-गोकाककडचं. मुली देवदासी म्हणून सोडण्यावर बंदीचा कायदा कर्नाटक राज्यानं 1982 ला केला, पण कायद्यानं पोट भरत नाही. पुढं महिला विकास निगमानं पैसा दिला, मायराडा संस्थेनं गावोगाव त्या बायकांचे संघ बांधले आणि 1997 ला त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली, मास नावाची, घटप्रभेला. त्यानंतर कारभार त्या बायकांच्याच हातात गेला. हे लई कमी संस्थांना जमतं, कारण बाजूला झालं की प्रोजेक्ट संपतो आणि प्रोजेक्ट संपला की पगार.

उद्योग खात्रीचं, म्हणजे रोजगार हमीचं, तर सगळ्यांना ठाऊक. 2005 च्या त्या कायद्यात अर्ज दिल्यापासून 15 दिवसात काम, नाहीतर भत्ता, असं होतं. खानापूरकडच्या बायकांनी शिकून घेतलं की पोच घेतल्याशिवाय पंचायतीतून उठायचं नाही, कारण पोच नसली की 15 दिवस मोजायचे कवापासून? पीडीओ आधी वैतागायचे, मग त्यांच्याच लक्षात आलं की कामाला कोण येणार ही यादी आपसूक तयार मिळते. संस्थेनं पंचायतीच्या मागं लागावं, तिच्या जागी बसू नये, माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मागं लागायला चहा पिणाऱ्या ओळखीपेक्षा शिक्क्याचा कागद बरा.

तेव्हा पुढच्या वेळेला कोण संस्था गावात आली की हारतुरे करा, पण ग्रामसभेत ठराव लिहून घ्या. मीटर कुणाच्या नावावर, दुरुस्ती कुठल्या फंडातून. पंधराव्या वित्त आयोगाच्या पंचायतीला येणाऱ्या निधीतला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, म्हणजे पैसाच नव्हता असं कुणी सांगू नये. आणि अध्यक्ष अडीच वर्षांनी बदलतात, पीडीओची बदली कधीही होते, म्हणून ठरावाची एक झेरॉक्स महिला संघाच्या पेटीत पण ठेवा. शेवटचं म्हणजे संस्थेनं आपल्या गावाच्या नावावर किती पैसा आणला ते ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. पंचायतीचा जमाखर्च आपण मागतो तसा संस्थेचा पण मागायचा. यावर काही संस्थावाल्यांना राग येतो, इथं बसलेल्यातले पण दोघं-तिघं हसायलेत बघा. चला, आता तुम्ही विचारा.