गांडूळ, नायट्रेट आणि वाफसा

नमस्कार. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, यात शंका नाही. पण जमिनीतून हवेत जाणाऱ्या वायूंचा हिशेब मांडला, तर त्याच्या खात्यावर थोडी उधारीही निघते. अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसलं, की गांडुळं असलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड सरासरी ४२ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के जास्त निघतो. मातीतला एकूण कार्बन घटल्याचं मात्र आढळलं नाही. विष्ठेच्या घट्ट कणांत काही कार्बन कोंडूनही राहतो. म्हणून मला जास्त काळजी वाटते ती नायट्रस ऑक्साइडची. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची ताकद वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे.

नायट्रस ऑक्साइड तयार होतो कुठे? त्यातला काही भाग गांडुळाच्या आतड्यात. भोवतालची माती भुसभुशीत असली तरी आतड्यात प्राणवायू जवळपास नसतो. ओल भरपूर, आणि गांडूळ स्वतःच सहज पचणारा श्लेष्म (चिकट स्राव) सोडतं. मातीबरोबर गिळलेले सुस्त जीवाणू तिथे जागे होतात आणि प्राणवायूऐवजी नायट्रेट (नायट्रोजन आणि प्राणवायूचं संयुग) वापरायला लागतात. नायट्रेटपासून नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन, अशा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीचं विकर (एन्झाइम) कामाला लागायला वेळ घेतं. तोवर माती आतड्यातून पुढे सरकलेली असते आणि अर्धवट राहिलेला वायू बाहेर पडतो. म्हणजे नायट्रेट नसेल, तर गांडुळं कितीही असोत, वायू फारसा निघणार नाही.

शेतात हे मोजायचं असेल, तर बिनबुडाची धातूची चौकट ५ ते १० सेंटिमीटर जमिनीत दाबायची, तीही किमान एक दिवस आधी. त्याच दिवशी ठोकली, तर हललेल्या मातीतला वायू आकड्यात शिरतो. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान झाकण लावायचं आणि ०, २०, ४० आणि ६० मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची. झाकण उन्हात तापलं की माप बिघडतं. त्यावर परावर्तक आवरण हवंच. खत आणि पाणी दिल्यानंतरचे काही दिवस चुकवले, तर हंगामाचा आकडा फसवा येतो, कारण बराचसा वायू त्याच दिवसांत निघतो.

तुलनेसाठी ‘गांडुळं नसलेला’ वाफा करणं आणखी अवघड. औषध टाकून गांडुळं मारली, की ती कुजतात, त्यांच्या शरीरातला नायट्रोजन मोकळा होतो आणि नेमका त्याच वाफ्यातून वायू वाढतो. माती उपसून वेचायची, तर दोन्ही वाफ्यांची माती सारखीच उपसावी लागते. शिवाय पुष्कळ प्रयोग पीक नसलेल्या कुंड्यांत झालेले आहेत. मुळं नायट्रेट उचलतात, म्हणून ४२ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा उसाच्या शेताला लावू नका.

  

आता आपल्या काळ्या जमिनीकडे येऊ. शेतात गांडूळखत किंवा पाचट आहे, त्यावर युरियाचा मोठा हप्ता पडला आणि लगेच पाटाने पाणी सोडलं. कार्बन आहे, युरियापासून नायट्रेट तयार होतंय आणि मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे प्राणवायू कमी पडतोय. आतड्यात होतं तेच आता सगळ्या वाफ्यात सुरू होतं. साधा हिशेब घ्या. १०० किलो नायट्रोजन दिला आणि त्यातला १ टक्का जरी असा उडाला, तरी सुमारे १.६ किलो नायट्रस ऑक्साइड होतो, म्हणजे जवळजवळ ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. तेव्हा गांडुळं कमी करायची नाहीत, युरिया आणि पाणी सांभाळायचं. युरिया पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्यांत विभागून द्या, वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, मातीआड करा. ठिबक असेल तर त्यातून थोडा थोडा सोडा. आणि जमीन चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी, असेल, तर खताचा विचार करण्याआधी चर काढून पाण्याचा निचरा करा.